उणे तीनशे चाळीस किलो

आप्पांनी माझा आलेख काढून ठेवला होता, हे मला फार उशिरा कळलं. आडव्या रेषेवर मी पुण्याहून परत आल्यापासूनचे दिवस, उभ्या रेषेवर माझ्या दर वाक्यातले इंग्रजी शब्द. पहिल्या आठवड्याचा ठिपका कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकलेला. मग रेघ हळूहळू उतरत येते, आणि वैशाखातल्या एका मंगळवारी विहिरीत दगड टाकावा तशी सरळ तळाला जाते. त्या मंगळवारी काय झालं तेच सांगायला बसलोय. पण ते सांगायचं तर आधी आप्पा सांगायला हवेत, आणि आप्पा सांगायचे तर त्यांची कामटी सांगायला हवी.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार. नगरात कोर्टाच्या मागच्या गल्लीत आमचं ऑफिस होतं. काम असं, की तालुक्यातालुक्यांतून शेतकऱ्यांच्या रानात खाटेएवढे लहान लहान वाफे पाडायचे, कुठल्या वाफ्याला खत द्यायचं नाही, कुठल्याला थोडं, कुठल्याला जास्त, कुठल्याला भरपूर, आणि मळणीनंतर प्रत्येक वाफ्याचं धान्य वेगळं तोलायचं. मग आलेखाच्या कागदावर त्या वजनांचे ठिपके मांडायचे. खत वाढवत गेलं की पीक वाढतं, पण एका जागी दमतं आणि उलटं फिरतं. ती दमण्याची जागा हुडकायची आणि शेतकऱ्यांना सांगायचं, इथवर खत घाला, पुढे घालू नका. ठिपके काही शिस्तीत उभे राहत नाहीत. त्यांच्यामधून जास्तीत जास्त खरी रेघ काढायची, हे आप्पांचं काम.

त्यासाठी आप्पांकडे बांबूची एक कामटी होती. बुरूडगल्लीतून स्वतः निवडून आणलेली, तासून तासून कागदासारखी पातळ केलेली, आणि बायकोच्या जुन्या लुगड्याच्या पिशवीत जपून ठेवलेली. कोटाच्या कॉलरला टाचण्यांची रांग. त्यामुळे आप्पांना कुणी आपलेपणाने मिठी मारत नसे. ठिपके मांडून झाले की आप्पा त्यांच्या आजूबाजूला टाचण्या रोवत, त्यांच्यामधून कामटी वाकवून बसवत आणि मग हात काढून घेऊन तिच्याकडे बघत राहत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी नवा असताना एकदा म्हणालो, “आप्पा, ओढून टाका की रेघ.” तर म्हणाले, “रेघ ओढायची नसते. तिला बसू द्यायची असते.” ती बसली की एकदाच पेन्सिल फिरवत आणि चहाला जात.

पण आप्पांचा खरा वेडेपणा कामटीत नव्हता, ठिपक्यांत होता. एखादा ठिपका रेघेपासून लांब पळालेला दिसला, की आमच्यासारखे लोक तो खोडरबराने पुसायच्या विचारात असत. आप्पा चष्मा कपाळावर सरकवून विचारत, “याचं काय झालं?” आवाज असा, की घरातलं माणूस रुसून न जेवता निघून गेलंय. आणि उत्तर मिळाल्याशिवाय त्यांची कामटी पिशवीतून निघत नसे. शेवगावच्या एका प्रयोगात असा एक ठिपका पार खाली गेला होता. आप्पा भाकरी बांधून एसटीने शेवगावला गेले, त्या रानात दिवसभर बांधावर बसून राहिले आणि संध्याकाळी येऊन शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘बाजाराची पायवाट’. आठवडी बाजाराला जाणारा अर्धा गाव त्या वाफ्यातून आडवा जात होता. दुसऱ्या एकीकडे ठिपका उगाच उंच गेला होता; तिथे शेरा आला, ‘शेळ्यांचा मुक्काम’. एकही ठिपका त्यांनी कधी पुसला नाही. म्हणायचे, “पंक्तीतून कुणाला उठवायचं नाही. आधी विचारायचं, बाबा, तू असा का बसलास?”

ही सवय ऑफिसात थांबली असती तरी बरं होतं. घरी आलेला पाहुणा रोज किती भाकरी खातो याचा त्यांनी आलेख काढला होता आणि चौथ्या दिवशी रेघ खाली वळते असं अनुमान काढलं होतं. त्यांच्या मंडळींनी तो कागद चुलीत घातला, तर आप्पांनी त्याची दुसरी प्रत ऑफिसात ठेवली. सगळ्यांत उपयोगी होता तो साहेबांच्या रागाचा आलेख. तो टेबलाच्या खणात, शाईच्या दौतीखाली घडी करून असे. कुणाला रजेचा अर्ज द्यायचा असला की तो आधी आप्पांकडे जाई. आप्पा खण अर्धवट उघडून आत बघत आणि हळूच सांगत, “आज नको. गुरुवारी जेवणानंतर.” माझ्या लग्नाची रजा त्या आलेखाने मंजूर झाली आहे.

अशा माणसाला उठवायला मी निघालो होतो.

झालं असं, की ऑफिसातून एकाला पुण्याला चार आठवड्यांच्या कोर्सला पाठवायचं ठरलं. काँप्युटर नावाचं यंत्र कसं वापरायचं याचा कोर्स. मी गेलो कारण बाकीच्यांच्या घरी लग्नं होती. परत आलो तो माणूस वेगळाच. बोलताना मध्येच थांबून मी इंग्रजी शब्द आठवू लागलो, मराठी शब्द आठवत असतानाही. आप्पांनी पहिल्याच दिवशी माझं नाव ‘कोर्सवाले’ ठेवलं आणि, आता कळतंय, पहिला ठिपका मांडला.

मी साहेबांना सांगितलं, सर, आप्पांना ज्या रेघेला आठ दिवस लागतात, ती काँप्युटर डोळ्याचं पातं लवायच्या आत काढतो. त्या पात्याच्या अलीकडे एसटीने पुण्याला जायचं, यंत्राला आकडे वाचता यावेत म्हणून कार्डांना भोकं पाडून घ्यायची, आठ दिवस नंबर लावायचा, पुन्हा जाऊन कागद आणायचा, हे मी काही बोललो नाही. साहेब खूश झाले. म्हणाले, मग आप्पांचं काय करायचं? मी म्हणालो, बियाण्याच्या गोदामात पोती मोजायला विश्वासू माणूस लागतोच. साहेब म्हणाले, तसं लिहून द्या. मी लिहून दिलं. वळणदार अक्षरात, दोन परिच्छेद.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून आप्पांनी गोदामात जायचं, असा हुकूम निघाला. आप्पांनी तो वाचला, त्याला जोडलेला माझा कागदही वाचला, कॉलरची एक टाचणी काढून दोन्ही कागद समोरच्या भिंतीला टोचले आणि म्हणाले, “अक्षर छान आहे हो तुमचं, कोर्सवाले.” बस्स. महिनाभर तो हुकूम भिंतीवर फडफडत होता आणि मी त्या भिंतीकडे पाठ करून बसत होतो. सव्वीस वर्षं ते त्या टेबलाशी बसले होते. त्यांना गोदामाचं दुःख होतं की कामटीचं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आता सगळं माझ्या प्रोग्रॅमवर आलं. महिनाअखेरच्या शुक्रवारी बेलापूरला शेतकऱ्यांचा मेळावा ठरला होता. तिथल्या रब्बी ज्वारीच्या प्रयोगाचा निकाल साहेब स्वतः जाहीर करणार होते, आणि तो काँप्युटरने काढलेला असेल, असं पत्रकात छापूनही झालं होतं.

पहिल्या खेपेला निघालो तेव्हा कोर्समध्येच भोकं पाडून आणलेल्या प्रोग्रॅमच्या कार्डांचा गठ्ठा चपलांच्या खोक्यात घातला. आप्पांनी तो मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि तांबड्या पेन्सिलीने गठ्ठ्याच्या कडेवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली. मी वैतागलो. म्हटलं, सरकारी कार्डं आहेत, आप्पा. म्हणाले, असू द्या. शिरूरच्या स्टँडवर चहाला उतरताना खोकं काखेतून निसटलं आणि काँप्युटरचा प्रोग्रॅम उसाच्या चिपाडांवर पसरला. कार्डांना नंबर घालायचे असतात, हे कोर्समध्ये सांगितलं होतं. मी घातले नव्हते. एका म्हातारीने आणि दोन कंडक्टरांनी मिळून ती गोळा करून दिली. कडेवरची तांबडी रेघ पुन्हा सरळ जुळेपर्यंत मी एकेक कार्ड पुढेमागे करत बसलो. एसटी निघून गेली, पण प्रोग्रॅम जुळला. ही गोष्ट मी ऑफिसात सांगितली नाही. आप्पांनीही विचारली नाही. फक्त कार्डांवरचा उसाच्या रसाचा डाग बघून मान डोलावली.

त्या खेपेला काँप्युटरने निकाल दिलाच नाही. एका पानावर चुकांची यादी दिली. एक स्वल्पविराम राहिला होता, आणि शेवटी ‘संपलं’ असं सांगणारं कार्डच घातलं नव्हतं. यंत्र बिचारं मी आणखी काही बोलेन म्हणून वाट बघत बसलं असावं. ते दुरुस्त केलं. दुसऱ्या खेपेला निकाल आला. सोबत दिलेल्या शेवगावच्या गव्हाचा आकडा अगदी शहाण्यासारखा आला. बेलापूरच्या ज्वारीला सर्वांत योग्य खताची मात्रा आली: हेक्टरी उणे तीनशे चाळीस किलो.

साहेबांनी कागद जवळ धरला, लांब धरला. उणे म्हणजे काय, असं विचारलं. मी म्हणालो, म्हणजे, सर, घालायचं नाही. घालायचं नाही म्हणजे शून्य ना, साहेब म्हणाले, हे उणे कशाचं? मला सांगावं लागलं की या हिशेबाने शेतकऱ्याने रानातून हेक्टरी तीनशे चाळीस किलो खत बाहेर काढायला हवं. साहेबांनी कागद पालथा करून टेबलावर ठेवला. नंतर म्हणाले, “हे मी मेळाव्यात सांगायचं?”

मग माझं शोधकार्य सुरू झालं. प्रोग्रॅमची ओळन् ओळ मी वाचली. उलटी वाचली. घरी बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. ती मधेच उठून डाळीला फोडणी देऊन आली तरी तिचं काही चुकलं नव्हतं. कोर्सच्या वहीतलं उदाहरण घालून बघितलं होतं, ते बरोबर येत होतं. म्हणजे प्रोग्रॅम शुद्ध. मग दोष भोकं पाडणाऱ्यांचा. तिसऱ्यांदा पुण्याला गेलो, बेलापूरची सगळी कार्डं नव्याने पाडून घेतली, देवाचं नाव घेऊन दिली. निकाल आला: उणे तीनशे चाळीस. यंत्र शब्दाला पक्कं होतं.

तो सोमवार. मेळावा शुक्रवारी. दुपारी मी टेबलावर डोकं ठेवून बसलो होतो. साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं की शुक्रवारी मंचावर मीही असेन आणि उणेचा अर्थ मीच समजावून सांगेन. आप्पा खुर्ची ओढून समोर बसले.

“याचं काय झालं?” त्यांनी विचारलं. या वेळी ठिपका मी होतो.

मी सगळं सांगितलं. आप्पांना प्रोग्रॅम दाखवायला लागलो, तर तो त्यांनी हाताने बाजूला सारला. म्हणाले, त्यातलं मला कळत नाही. बेलापूरची शेतवही द्या. शेतवही म्हणजे शेतावर वाफ्यावाफ्याचं वजन लिहितात ती वही. आप्पांनी आपलं हँडल फिरवायचं गणनयंत्र पुढे ओढलं आणि घर्र घर्र करत सगळ्या वाफ्यांची बेरीज केली. काँप्युटरच्या कागदावरही बेरीज छापलेली होती. दोन्ही तंतोतंत जुळल्या. मी उठून उभाच राहिलो. म्हणालो, बघा, आकडे बरोबर आहेत, प्रोग्रॅम बरोबर आहे, म्हणजे यंत्रच बिघडलंय.

“बसा,” आप्पा म्हणाले. “सरासरी काय म्हणतंय तुमचं यंत्र?”

मी सांगितली. त्यांनी घर्र केलं. त्यांची सरासरी जास्त आली. पुन्हा केलं. पुन्हा जास्तच.

“बेरीज एकच आणि सरासऱ्या दोन,” आप्पा म्हणाले. “कोर्सवाले, किती पानं मांडलीत?”

“पंधरा. पाच मात्रा, प्रत्येकीचे तीन वाफे.”

“जेवायला चौदाच आलेत.”

त्यांनी शेतवही माझ्याकडे फिरवली. वाफा नंबर नऊ. मधल्या मात्रेचा. वजनाची जागा कोरी. कोर्समध्ये तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, की कार्डावर जागा कोरी सोडली तर काँप्युटर तिथे शून्य वाचतो. माझ्या वहीत ते वाक्य आहे, त्याखाली दोन रेघा आहेत. जो वाफा तोललाच नव्हता, त्यात एक दाणाही पिकला नाही असं मी यंत्राला तीन वेळा पुण्याला जाऊन सांगून आलो होतो. बेरजेत शून्याने काही बिघडत नाही, म्हणून ती जुळली. पण रेघेच्या बरोबर मध्यावर एवढा मोठा खड्डा पडल्यावर ती बिचारी डोंगरासारखी कशी वळणार? ती वाटीसारखी वळली, यंत्राने त्या वाटीचा तळच शिखर समजून सांगितला आणि मी उणेत गेलो.

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, मग सोपं आहे, नववा वाफा काढून टाकू. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांच्या घरच्या पंक्तीतल्या कुणाचा हात धरून उठवतोय.

“का कोरा आहे, ठाऊक आहे?”

“नाही.”

“खताने जळून गेला असला तर? मग शून्य खरं आणि तुमचं यंत्रही खरं. मग शेतकऱ्यांना सांगावं लागेल, मधल्या मात्रेला धोका आहे. विचारल्याशिवाय कसं काढता?”

मंगळवारी सकाळी आम्ही श्रीरामपूरची एसटी धरली. भाकऱ्या आप्पांनी दोघांच्या आणल्या होत्या. बेलापूरला प्रयोग ज्याच्या रानात होता तो गीताराम, कालव्याच्या पाण्यावरचा नेटका शेतकरी. त्यानेच वजनं वहीत लिहिली होती. आम्हाला बघून त्याने घोंगडी अंथरली, गूळपाणी दिलं, पण आप्पांनी नवव्या वाफ्याचं नाव काढलं तसा त्याचा चेहरा उतरला. माझ्याकडे तर तो बघेचना.

“त्यो व्हय,” गीताराम म्हणाला. “जाऊ द्या की आप्पा. चौदा हायेत न्हवं?”

“खताने जळाला का?”

“न्हाई, न्हाई. लई झ्याक हुता. समद्यांत झ्याक त्योच हुता.”

“मग वजन का नाही लिहिलं?”

“कनसंच ऱ्हायली न्हाईत पुरती. अर्ध्याचं वजन कसं लिवायचं?”

“जनावरं शिरली?”

गीताराम भलताच ओशाळला. पागोट्याशी चाळा करत म्हणाला, “आता जनावरं तरी कसं म्हनावं.”

दाराशी त्याची आई गवऱ्या रचत होती. तिला हा घोळ सहन झाला नसावा. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “आरं बाबा, तुला आटवत न्हाई व्हय? पुसात आला हुतास न्हवं मोठ्या सायबाबरूबर, जीपगाडीतनं. हितंच आगटीपाशी बसला हुतास. समदे उठले तरी तू म्हनत हुतास, आजून आना, आजून आना.”

मला आठवलं. देवा, मला सगळं आठवलं. पौषातली पाहणी. साहेब, मी, तालुक्याची माणसं, ड्रायव्हर, सगळे मिळून नऊजण. गोवऱ्यांची आगटी, त्यात खुपसलेली कोवळी कणसं, हातावर चोळून दिलेला गरम गरम हुरडा, लसणाची चटणी, गूळ, मडक्यातलं दही. मी साहेबांना सांगत होतो की, सर, जिल्ह्यात असा हुरडा नाही. कसा असेल? रानातल्या सगळ्यांत झ्याक वाफ्याचा होता तो. बांधावर मीच रंगवून आणलेली पाटी उभी होती, नंबर नऊ. तिला टेकून मी बसलो होतो.

“आरं, पर मग लिवायचं तरी हुतंस,” आप्पा गीतारामला म्हणाले. गावात गेले की आप्पा गावचं बोलत.

“काय लिवायचं, आप्पा?” गीताराम म्हणाला. “पाव्हन्यानं खाल्लेलं कागदावर घ्यायचं? बरं दिसतं का ते? म्हनून जागा मोकळी सोडली.”

आप्पा हसले नाहीत. त्यांनी वही काढली आणि किती माणसं होती, साधारण किती कणसं मोडली, उरलेली पिकून बरी निघाली का, खताचा काही त्रास दिसला का, असं सगळं शांतपणे विचारून लिहून घेतलं. येताना राहुरीपर्यंत ते खिडकीबाहेर उसाकडे बघत होते. राहुरीच्या स्टँडवर गाडी थांबली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. नंतर सगळे आप्पाच हलायला लागले. कंडक्टर येऊन विचारून गेला, बाबांना बरं वाटत नाही का? आप्पांनी डोळे पुसले, माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, “तीन वेळा पुण्याला गेलात, कोर्सवाले. ठिपका पोटात घेऊन.”

पुण्याला पुन्हा जायला वेळ नव्हता. बुधवार-गुरुवार आम्ही दोघं बसलो. आप्पा आकडे सांगत, मी हँडल फिरवत होतो. हिशेब कसा मांडायचा तो मला कोर्समुळे येत होता, एवढं श्रेय मी घेतो. चौदा वाफ्यांचा हिशेब गुरुवारी दुपारी संपला. आकडा आला एकशेवीसच्या आसपास. तेवढ्यात पलीकडे आप्पांनी कामटी बसवली होती. हात काढून घेतले, दहा मिनिटं बघत राहिले आणि तिच्या सगळ्यांत उंच जागेवरून खाली पेन्सिल आणली. ती एकशेवीसला आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, चहाला गेले.

राहिला शेऱ्याचा रकाना. नववा वाफा का नाही, हे अहवालात लिहिणं भाग होतं. मी गयावया केली. म्हटलं, आप्पा, गुरं शिरली असं लिहा.

“गुरांवर आळ घेऊ?” आप्पा म्हणाले.

म्हटलं, मग पाखरांनी खाल्ला लिहा. त्यांनी तेही ऐकलं नाही. बराच वेळ लेखणी हातात धरून बसले आणि मग लिहिलं: ‘वाफा क्र. ९: तपासणीत खर्च.’

अहवाल घेऊन साहेबांकडे मलाच जावं लागलं. आप्पांनी खण अर्धवट उघडून आत बघितलं आणि म्हणाले, आत्ता जा. साहेबांनी एकशेवीस वाचून सुस्कारा टाकला. मग शेरा वाचला. तपासणीत खर्च म्हणजे काय? तपासणी कुणी केली होती? मी म्हणालो, आपणच, साहेब. पौषात. आणि मी. साहेबांची नजर खिडकीबाहेर गेली. तिथे त्यांना आगटी दिसली असावी, कारण हळूहळू त्यांचे कान लाल झाले. मी जे व्हायचं ते होऊ दे म्हणून सगळंच सांगून टाकलं: कोरी जागा, शून्य, तांबड्या पेन्सिलीची रेघ, शिरूरची चिपाडं आणि कामटी. इंग्रजी शब्द एकही आला नाही. हे मी मोजलं नव्हतं. भिंतीपलीकडे आप्पांनी मोजलं.

साहेबांनी विचारलं, तो हुकूम कुठे आहे? मी म्हणालो, भिंतीवर. आणा, म्हणाले. मी टाचणीसकट आणला. त्यांनी आप्पांचं नाव खोडलं, थोडा विचार केला आणि त्या जागी माझं लिहिलं. “पंधरा दिवस,” साहेब म्हणाले. “पोती मोजा. मोजायची सवय होऊ दे.”

शुक्रवारचा मेळावा छान झाला. साहेबांनी एकशेवीस सांगितले आणि पुढच्या पौषात पाहुण्यांसाठी हुरड्याचा वेगळा वाफा ठेवावा, अशी सूचना केली. सगळे हसले, पण सूचनेमागचं कारण फक्त पाचजणांना ठाऊक होतं. गीतारामची आई सगळ्यांत मोठ्याने हसली.

पंधरा दिवस मी गोदामात होतो. आप्पा रोज दुपारी डबा घेऊन येत, दारात उभे राहून विचारत, “किती पानं?” आणि मी पोत्यांचा आकडा सांगितला की बसून जेवत. तिथेच एका दुपारी त्यांनी मला प्रोग्रॅममध्ये एक कार्ड वाढवायला लावलं: आधी किती वाफे खरोखर तोलले ते यंत्राला सांगायचं, आणि मोजणी जुळली नाही तर त्याने पुढे जायचंच नाही, थांबायचं. पुढे एकदा मी त्यांना पुण्याला काँप्युटर दाखवायला नेलं. बाहेर चपला काढून ते त्या गार खोलीत हात जोडून उभे राहिले, सगळं बघितलं आणि तिथल्या माणसाला विचारलं, याला विचारता येतं का, याचं काय झालं म्हणून? तो म्हणाला, नाही. “मग आमचे कोर्सवाले याच्याबरोबर राहू देत,” आप्पा म्हणाले.

बेलापूरचा तो आलेख आप्पांनी शाईने काढून, काचेत बसवून भिंतीला लावला. हुकूम होता त्याच जागी. चौदा काळे ठिपके, त्यांच्यामधून कामटीची रेघ, आणि मधल्या मात्रेवर, एकदम तळाशी, एक पोकळ वर्तुळ. मी म्हटलं होतं, आप्पा, ते कशाला ठेवता? म्हणाले, आला नाही तरी त्याचं पान मांडलेलं असू दे.

आप्पा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. साहेबांच्या खुर्चीत मी बसायला लागलो, काँप्युटर पुण्याहून उठून आमच्याच टेबलावर आला, आणि तो आलेख खोलीबरोबर माझ्याकडे आला. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी आमच्याकडे एक नव्या बाई रुजू झाल्या. आकडेमोडीत पटाईत, बोलायला कमी. पहिल्याच दिवशी सही घ्यायला आत आल्या, भिंतीपाशी थांबल्या, चष्मा वर सरकवून त्या तळाच्या वर्तुळाकडे बघत राहिल्या.

“सर,” त्या म्हणाल्या, “याचं काय झालं?”

मी खुर्ची पुढे केली. म्हटलं, बसा. तो मी खाल्ला.